पाईपांच्या अंगावरचे अठरा पोशाख

प्रेरी मुटाँ गावच्या माणसांना उन्हाळा कसा काढायचा हे कुणी शिकवायला नको. घाम, डास, वादळं, पूर, सगळं अंगवळणी पडलेलं. पण थंडी म्हटली की लुईझियानाच्या या टोकाची माणसं पार गळपटतात. काही वर्षांतून एकदा उत्तरेकडून कडाका येतो, दोन-तीन रात्री मुक्काम करतो आणि जातो. तेवढ्यासाठी पाईप जमिनीत कोण पुरणार? घरं विटांच्या खांबांवर कमरेइतकी उंच बांधलेली, खालून वारा खेळावा म्हणून; आणि त्या खेळत्या वाऱ्यात पाण्याचे पाईप उघडेनागडे लोंबकळत असतात. ज्यानं घर बांधलं त्यानं हिवाळ्याचा विचार केला नाही, आणि जो त्यात राहतो तोही करत नाही.

एलरे वेयों तर मुळीच करत नसे. दोन वर्षांपूर्वी असाच कडाका आला तेव्हा, "आपल्याकडे कुठं गोठतंय पाणी!" असं म्हणून तो शेजारी पत्ते खेळायला गेला होता. सकाळी शिवणाच्या खोलीच्या भिंतीतला पाईप फुटला आणि त्याची बायको अर्लीन हिच्या मशीनवर, कापडाच्या ताग्यांवर, कात्र्यांवर, सगळ्यांवर छान अभिषेक झाला. अर्लीन त्यानंतर ईस्टरपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. ईस्टरला बोलली तेही "मीठ दे" एवढंच.

यंदा टीव्हीवर कडाक्याची बातमी आली ती सोमवारी. आणि मंगळवारी अर्लीनला लेक चार्ल्स शहरात जायचं होतं, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. न्यायला तिचा धाकटा भाऊ नोलन पिकअप घेऊन आला होता. पिशवी गाडीत टाकून अर्लीन पायरीवर परत आली.

"एलरे, शुक्रवारी रात्री पारा अठरावर येणार म्हणतायत."

"टीव्हीवाले काय, काहीही म्हणतात."

"पाणी बत्तीस फॅरनहाइटला गोठतं. अठरा म्हणजे किती खाली ते तूच बघ. मी शनिवारी येते. तोवर घराखालचे, बाहेरच्या नळांचे, विहिरीच्या पंपाचे, खुराड्याकडं जाणारा, सगळे पाईप गुंडाळलेले पाहिजेत. एक जरी फुटला ना..."

"तर ईस्टरपर्यंत बोलणार नाहीस. माहितीय मला."

"बोलेन की. रोज बोलेन. पण तू यंदा मार्दी ग्राच्या फेरीला जाणार नाहीस. घरी बसून बायकांबरोबर गंबो ढवळशील. नोलन, ऐकलंस का?"

"ऐकलं, ताई."

"फेरीचा कप्तान तू आहेस. पाईप फुटला तर याला गाडीवर चढू द्यायचं नाही."

नोलननं एलरेकडं पाहिलं. फेरीच्या दिवशी नोलन घोड्यावर बसून हातात पांढरं निशाण घेई आणि अठरा दारुड्यांना नुसत्या नजरेनं जागच्या जागी बसवी. पण समोर ताई होती.

"माफ करा, दाजी," तो म्हणाला. "ताईचा शब्द."

गाडी निघून गेली आणि एलरे पहिल्यांदा घाबरला.

कारण त्या एका दिवसावर त्याचा जीव होता. वर्षाचे बाकीचे दिवस तो तांदळाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, गुडघे दुखणारा, बायकोची बोलणी खाणारा त्रेसष्ट वर्षांचा गृहस्थ होता. मार्दी ग्राच्या, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी मात्र अंगावर झिरमिळ्यांचा पोशाख, डोक्यावर निमुळती टोपी, तोंडावर जाळीचा मुखवटा. मग ट्रॅक्टरमागच्या गाडीवर उभं राहून दारोदार जायचं, आवाज बदलून भीक मागायची, नाचायचं, घरमालकानं सोडलेली कोंबडी चिखलातून पळत धरायची आणि संध्याकाळी त्याच कोंबड्यांचा दाट रस्सा, गंबो, सगळ्या गावानं मिळून खायचा. एक्केचाळीस वर्षं त्यानं एकही फेरी चुकवली नव्हती. एकदा कावीळ झालेली असताना तो गेला होता, आणि मुखवट्यामुळे कुणाला कळलंही नव्हतं.

म्हणजे आता त्यानं लगेच उठून कामाला लागायला हवं होतं. पण मंगळवारी ऊन पडलं होतं. बुधवारी त्यानं मासे धरायचा गळ दुरुस्त केला. गुरुवारी पत्ते होते. शुक्रवारी सकाळी वाऱ्यानं दिशा बदलली आणि खुराड्यातल्या कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या, तेव्हा कुठं हा बाबा उठून हार्लनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"पाईपावर घालायच्या फोमच्या नळ्या दे," तो म्हणाला.

हार्लननं पाठीमागच्या रिकाम्या फळ्यांकडं बोट दाखवलं. "बुधवारी संपल्या."

"नळाला घालायच्या टोप्या?"

"त्याही बुधवारीच."

"बरं, ते पोहायला शिकणारी पोरं धरतात ते लांब फोमचे दांडके?"

"ते काल गेले. शेवटचे दोन पाद्रीबाबांनी नेले. चर्चच्या नळाला गुलाबी दांडका बांधलाय, जाऊन बघ."

शेजारी ओझीत नावाची आजी पैसे देत उभी होती. नव्वदीला टेकलेली, आणि हातात माशांसाठी बर्फ ठेवायचे थर्मोकोलचे तीन डबे. ते ती नळांवर उपडे घालणार होती. तिनं एलरेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढा घाबरतोस कशाला रे? पोटावरची चरबी काढ आणि गुंडाळ. दोन घरांना पुरून उरेल."

"आजी, तुझे डबे वाऱ्यानं उडतील."

"वर वीट ठेवीन. तुझ्या डोक्यातली मागायला येत नाही."

हार्लननं करड्या चिकटपट्टीचे शेवटचे चार रोल टेबलावर ठेवले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "माझे वडील काय करायचे, आधी चिंध्या गुंडाळायच्या, वरून कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यावर ही पट्टी. तुझी बायको शिवणकाम करते. तुला रे चिंध्यांना काय तोटा!"

हे एलरेला पटलं. इतकं पटलं की घरी जाताना तो शीळ घालत होता.

मागच्या व्हरांड्यात धुण्याच्या मशीनशेजारी चिंध्यांची दोन पोती होती. ती घेऊन तो घराखाली शिरला. शिरला म्हणजे आधी डोकं गेलं, मग खांदे, मग पोटापाशी जरा वाटाघाटी झाल्या. उताणं पडून, कोळ्याची जाळी तोंडावरून काढत, त्यानं पाईपाला चिंध्या गुंडाळायला सुरुवात केली. आता काम करतोच आहे तर चोख करायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आळशी माणूस एकदा कामाला लागला की फार चोख काम करतो, आणि तिथंच घात होतो. हातभर पाईपाला सहा-सहा वेढे घेत गेल्यामुळे दोन्ही पोती न्हाणीघराच्या खालीच संपली. स्वयंपाकघर, शिवणाची खोली, बाहेरचे तीन नळ, पंप आणि खुराडं अजून बाकी होतं. दुपारचे तीन वाजले होते.

तो बाहेर आला आणि आणखी चिंध्या शोधत शिवणाच्या खोलीत गेला. तिथं भिंतीशी सहा मोठ्या कापडी पिशव्या नीट बांधून ठेवलेल्या होत्या. त्यानं एकीची गाठ सोडली. आत जुन्या चादरींचे, पडद्यांचे, सदऱ्यांचे ठिगळ लावलेले तुकडे. जांभळे, हिरवे, पिवळे. आणि सगळ्यांना कापडाच्या अर्धवट कापलेल्या पट्ट्या लोंबत होत्या.

"हात्तिच्या!" एलरे म्हणाला. "इथं तर घबाडच आहे."

सांगून टाकलेलं बरं, त्या चिंध्या नव्हत्या. अकरा दिवसांवर आलेल्या फेरीचे ते अठरा पोशाख होते. अर्लीननं नाताळ संपल्यापासून बसून शिवलेले, रविवारी प्रार्थनेनंतर सगळे न्यायला येणार म्हणून तयार ठेवलेले. टोप्या आणि मुखवटे कपाटात वेगळे होते. तुम्ही म्हणाल, एक्केचाळीस वर्षं जो पोशाख घातला तो माणसाला ओळखू येऊ नये? पण एलरेनं तो कायम अंगावरच पाहिला होता, आणि तोही पहाटेपासून बिअर पोटात असताना. घडी घातलेला, शांत पडलेला पोशाख त्याच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता. तो मंगळवारी सकाळी खुर्चीवर असायचा आणि बुधवारी सकाळी जमिनीवर. मधलं काय ते अर्लीनला माहीत.

उलट त्याला बायकोचं कौतुकच वाटलं. एक चिंधी हाती घेतली तर ती लांब, पोकळ, अगदी पाईपाच्या आकाराची! अशा दोन-दोन जोडलेल्याही होत्या. आतून अस्तर होतं. "बाई काय तरी टापटिपीची," तो स्वतःशीच म्हणाला, "चिंध्यांनासुद्धा अस्तर लावते." मग त्यानं मोठी कात्री घेतली, प्रत्येक नळी उभी चिरली, पाईपाभोवती लपेटली आणि वरून काळी पिशवी न घालताच चिकटपट्टीनं आवळून टाकली, कारण पिशव्या त्यानं मघाशी न्हाणीघराखालीच संपवल्या होत्या. पंपाला चांगलं जाड, मोठं काहीतरी हवं होतं. शेवटच्या पिशवीच्या तळाशी जांभळ्या साटीनचं एक ऐसपैस कापड सापडलं. तेही त्यानं पंपाला गुंडाळलं.

अंधार पडायच्या आत काम झालं. घरातले सगळे नळ त्यानं बारीक धारेवर सोडले आणि बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवली, म्हणजे खोलीची ऊब भिंतीतल्या पाईपांपर्यंत पोचेल. त्यातल्या एका दारावर डोकं आपटलं, तरी तो चिडला नाही. दोन पांघरुणं घेऊन तो झोपला आणि त्याला गाढ झोप लागली.

सकाळी खुराड्याजवळच्या डबक्यावर बर्फ धरला होता. हार्लनच्या घरचा पाईप फुटला होता; रिकाम्या फळ्या दाखवणाऱ्यानं स्वतःला एक नळी राखून ठेवली नव्हती. चर्चचा गुलाबी दांडका वाऱ्यानं उडाला होता. आणि एलरेच्या घरात सगळे नळ झुळझुळ वाहत होते.

नोलनची गाडी आली तेव्हा दहा वाजले होते. एलरे पायरीवर कॉफीचा कप घेऊन उभा होता.

"ये! आधी आत ये. नळ सोडून बघ. कुठलाही सोड!"

अर्लीननं स्वयंपाकघरातला सोडला, न्हाणीघरातला सोडला. मग तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की दोन वर्षांत तिनं तसं पाहिलं नव्हतं.

"एकटा घराखाली गेलास?"

"मग काय! एकही फुटला नाही. गावात विचार."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं त्यावरून हात फिरवला. "मला वाटलं होतं, पत्ते खेळत बसशील. ओत मला पण कॉफी. बॅग ठेवून आलेच."

ती शिवणाच्या खोलीत गेली. एलरे कॉफी ओतत होता. नोलन खुर्चीत बसून हात चोळत होता.

"एलरे." आतून आलेला तिचा आवाज अगदी बेताचा होता. "माझ्या सहा पिशव्या?"

"वापरल्या ना! तेच तर सांगतोय. व्हरांड्यातल्या चिंध्या पुरल्या नाहीत. पण अर्लीन, मानलं तुला. अस्तर लावलेल्या चिंध्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या."

अर्लीन बाहेर आली. पायऱ्या उतरून गेली, घराच्या बाजूला गुडघे टेकून तिनं खाली वाकून पाहिलं. घराखालच्या अंधारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळे-हिरवे-पिवळे पाय आणि हात एकामागोमाग एक लोंबत होते आणि त्यांच्या झिरमिळ्या वाऱ्यावर हलत होत्या. एका कोपरावर, म्हणजे पाईप वळतो तिथं, खिसा आला होता.

नोलन तिच्या शेजारी वाकला. मग त्याची मान हळूहळू वळली आणि पंपाकडं गेली.

"दाजी," तो म्हणाला, "तो माझा कप्तानाचा झगा आहे."

तेव्हा एलरेच्या डोक्यात प्रकाश पडला. मागोमाग बाहेर आलेला तो कपासकट पायरीवर बसला. कॉफी मांडीवर सांडली तरी त्याला कळलं नाही.

"ताई, रड हवं तर," नोलन म्हणाला.

ताई रडली नाही. उठून तिनं गुडघे झटकले. "पाईप फुटला नाही," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. एलरे, तू जा फेरीला. काय घालून जातोस ते तुझं तू बघ."

"मी आत्ता काढतो सगळे! लगेच काढतो!"

"हात लावशील तर बघ. आज रात्री वीस आणि उद्या रात्री बावीस आहे पारा. आता काढलेस तर पोशाखही गेले आणि पाईपही."

म्हणून अठरा पोशाख आणखी दोन रात्री पाईपांच्याच अंगावर राहिले. रविवारी प्रार्थना आटोपून फेरीवाले आपापला पोशाख न्यायला आले. अर्लीननं त्यांना खुर्च्या दिल्या नाहीत, कॉफी दिली नाही, नुसतं घराखाली बोट दाखवलं. सतरा पुरुष चांगले रविवारचे कपडे घालून पोटावर आडवे झाले आणि आपापला पोशाख ओळखू लागले.

"तो बघ, तो पिवळ्या फुलांचा माझा! स्वयंपाकघराखाली!"

"माझी एकच तंगडी दिसतेय. दुसरी कुठाय?"

"खुराड्याकडं गेलीय."

"एलरे, माझा कुठल्या पाईपावर आहे रे?"

"संडासच्या," एलरे खालमानेनं म्हणाला.

यावर इतका हशा झाला की कोंबड्या फडफडल्या. पण हसून झाल्यावर सगळे उठले, कपडे झटकत एकमेकांकडं बघत राहिले, आणि मग सगळ्यांनी एलरेकडं पाहिलं. पोशाखाशिवाय, मुखवट्याशिवाय कप्तान कुणाला गाडीवर घेत नाही. आणि घरोघरच्या गाठोड्यांतले जुने पोशाख फाटून केव्हाच फरशी पुसायला गेलेले. फेरी रद्द झाली तर ती एलरे वेयोंमुळे, आणि हे त्याच्या थडग्यावरसुद्धा लिहिलं गेलं असतं.

"मी शिवून देतो," एलरे म्हणाला.

"तू?" सतरा जण एकदम म्हणाले.

"मी चिरलेत, मी शिवतो. अर्लीन, तू फक्त दाखव कसं ते."

अर्लीननं घराखाली नजर टाकली. "उद्या ऊन पडलं की काढ," ती म्हणाली. "एकही चिकटपट्टी ओढून काढायची नाही. तेल लावून सोडवायची."

सोमवारी वारा दक्षिणेकडून आला आणि दुपारपर्यंत लोक पुन्हा अर्ध्या बाह्यांवर आले. एलरे दिवसभर घराखाली होता. चिकटपट्टीचा डिंक, चिखल, कोळ्याची अंडी, सगळ्यासकट एकेक पोशाख त्यानं बाहेर आणला, तेलानं पुसला, धुतला, वाळत घातला. मंगळवारी सकाळी तो शिवणाच्या खोलीत अर्लीनच्या शेजारी छोट्या स्टुलावर बसला. फेरीला एकच आठवडा हातात होता.

अर्लीननं त्याला नाक-डोळे न मोडता सगळं दाखवलं; चिरलेल्या नळ्या मशीनवर ती स्वतः जोडत होती. त्याच्याकडं झिरमिळ्या होत्या. एका पोशाखाला साधारण चारशे, त्यातल्या डिंकानं खराब झालेल्या वीसेक तरी बदलायच्या. प्रत्येक पट्टी वेगळी कापायची, तिची कड दुमडायची, हातानं चार टाके घालायचे, गाठ मारायची. एलरेला पहिल्या दिवशी अकरा पट्ट्या जमल्या आणि नऊ वेळा सुई टोचली. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "ह्या डिंकानं नाही चिकटवता येणार?"

"येतील की. पहिल्याच कोंबडीला गळून पडतील."

तिसऱ्या दिवशी तो काही विचारीनासा झाला. खाली मान घालून टाके घालायचा. मध्येच थांबून हातातल्या पट्टीकडं बघायचा. एक्केचाळीस वर्षांत त्यानं अशा किती पट्ट्या काटेरी तारांत अडकवून फाडल्या असतील, किती चिखलात तुडवल्या असतील, याचा त्याला अंदाज करवेना. कोंबडीमागं पळताना बाही फाटली की गाडीवरचे ओरडायचे आणि तो फाटकी बाही निशाणासारखी फिरवायचा. मजा यायची. त्याला आता लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

"अर्लीन, तू हे केव्हापासून शिवतेस?"

"नोलनचे वडील कप्तान होते तेव्हापासून. चौतीस वर्षं."

"तुझेपण वडीलच की ते."

"हो. पण गाडीवर नोलनला न्यायचे."

ती हे मशीन चालवता चालवता, दोरा तोडल्यासारखं म्हणाली. एलरेनं पुढं काही विचारलं नाही, कारण तेवढ्यात त्याला सुई टोचली.

रविवारी नोलनचा झगा झाला. सोमवारी दुपारपर्यंत सतरा पोशाख घडी घालून तयार झाले. अठरावा एलरेचा स्वतःचा. आधी दुसऱ्यांचे, मग आपला, असं त्यानंच ठरवलं होतं. पण तो पंपाच्या तळाशी होता, त्याची दशा झाली होती, आणि एलरेच्या बोटांना आता सुई धरवत नव्हती.

"दे इकडं," अर्लीन म्हणाली. "या एकाचं मी बघते. जा, झोप तू."

एलरेनं सुई तिच्या हाती दिली. "अर्लीन, तुझ्यासारखी बायको..."

"झोप म्हटलं ना."

मंगळवारी उजाडता उजाडता तो उठला. खुर्चीवर पोशाख होता. स्वच्छ, नवाकोरा, झिरमिळी न् झिरमिळी जागच्या जागी. एलरेनं आनंदानं पाय घातला. पाय मांडीपाशी अडकला. हात घातला. बाही कोपराच्या वर संपली.

"अर्लीन! अगं माप चुकलं तुझं!"

"माझं माप आजवर कधी चुकलंय?"

ती दारात उभी होती. पायात त्याचे नाही, तिचे स्वतःचे चिखलात घालायचे रबरी बूट होते.

"हा... हा माझा नाही?"

"तुझाच होता. माझ्या मापाचा केलाय."

एलरेला समजायला जरा वेळ लागला. मग तो खाटेच्या कडेवर बसला. "पाईप फुटला नव्हता," तो म्हणाला. "शब्द दिला होतास."

"आणि मोडलाय कुठं? जा ना. मी अडवलंय का? पण तुझा पोशाख शिवून देईन असा शब्द मी कुणाला दिला होता?"

बाहेर, लांबवर, ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येत होता. बेचाळिसावी फेरी. तो लहान मुलासारखा रडायच्या बेतात आला होता.

अर्लीन त्याच्या शेजारी येऊन बसली. आता ती टोमणा मारत नव्हती. "एलरे, चौतीस वर्षं मी ही गाडी फाटकातून जाताना बघते. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते, आणि आत जाऊन चाळीस माणसांचे कांदे चिरते. बायकांना नेत नाहीत. पण मुखवट्यामागं कोण आहे ते कप्तानानं विचारायचं नसतं. मला एकदा जायचंय. एकदाच. त्यात एवढं काय असतं ते बघायचंय मला."

आठवड्यापूर्वी एलरेकडं याला दहा उत्तरं असती. आता त्यानं आपल्या बोटांकडं पाहिलं. मग अडकलेला पाय कसाबसा बाहेर काढला, पोशाख झटकला आणि तिच्यापुढं धरला. टोपीच्या नाड्या तिच्या हनुवटीखाली त्यानंच बांधल्या.

"कोंबडी सरळ पळत नाही," तो म्हणाला. "ती वळते. तू आधीच डावीकडं हो."

"आणि गंबोत रू करपवू नकोस. तेलात पीठ तांबूस होईपर्यंत हलवत राहायचं, हात थांबवायचा नाही."

दारात गाडी आली. घोड्यावर नोलन, अंगावर दुरुस्त केलेला जांभळा झगा. त्यानं पायऱ्या उतरून येणाऱ्या बुटक्या मुखवट्याकडं पाहिलं. मग दारात एप्रन घालून उभ्या असलेल्या दाजींकडं पाहिलं. आणि त्यानं निशाण उंच केलं आणि घोडा वळवला. ताईला अडवायची त्याची छाती नव्हती, आणि मला वाटतं, इच्छाही नव्हती.

एलरे दिवसभर हंड्यापाशी होता. गावातल्या बायका मदतीला आल्या तेव्हा त्यानं सांगितलं, अर्लीनचं डोकं दुखतंय, पडलीय आत. ओझीत आजी तेवढी त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. "डोकं दुखतंय होय," ती म्हणाली, आणि कांद्याचा ढीग त्याच्यापुढं सरकवला.

दुपारी तीनला गाडी आली, गाणं म्हणत, थाळ्या बडवत. अठरा मुखवटे अंगणात उतरले, गुडघ्यांवर आले आणि नाकातल्या आवाजात एलरेकडं भीक मागू लागले. रिवाजाप्रमाणे घरमालक म्हणून त्यानं खुराड्यातली सगळ्यांत चपळ कोंबडी काढली आणि हवेत उडवली.

कोंबडी खाली आली ती पळतच. सतरा जण तिच्या मागं सरळ धावले आणि एकमेकांवर कोसळले. कोंबडी वळली. बुटका मुखवटा आधीच डावीकडं होता. कोंबडी घराखाली शिरली. त्याच्या मागोमाग मुखवटाही शिरला, पोटावर, चिखलातून सरपटत, पाईपांच्या खालून, आणि खालून असा काही हसण्याचा आवाज आला की एलरेनं तसा आवाज त्या घरात कधी ऐकला नव्हता. मग काहीतरी पाईपाच्या जोडाला अडकलं आणि टर्र करून फाटलं.

"अगं सांभाळ!" एलरे हातात डाव घेऊन पायऱ्या उतरत ओरडला. "झिरमिळ्या फाटतायत! एकेकीला चार टाके आहेत!"

सगळे जागच्या जागी थांबले. "अगं" कुणाला म्हणाला, हे ऐकायचं कुणाचंच राहिलं नव्हतं. नोलननं घोड्यावर बसल्या बसल्या आभाळाकडं पाहिलं. पण मुखवट्यामागं कोण, हे कुणी विचारायचं नसतं, आणि कुणी विचारलं नाही.

बुटका मुखवटा चिखलानं माखून बाहेर आला. एका हातात कोंबडी उलटी धरलेली, दुसऱ्या हाताची बाही खांद्यापासून लोंबत होती. सगळ्यांनी आरोळी ठोकली. मुखवटा दमून धापा टाकत एलरेपुढं येऊन उभा राहिला. कोंबडी त्याच्या हातात दिली, फाटकी बाही त्याच्या नाकासमोर धरली आणि नाकातल्या आवाजात म्हणाला, "उद्या शिवून ठेव."

"ठेवतो," एलरे म्हणाला.